बाटली बाटलीच का दिसते? पाठीवरच्या प्राणवायू-यंत्राबद्दल थोडं सविस्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कॉलेजच्या एकांकिकेत लघुग्रहावर खाणकाम करणारी एक बाई आहे. तिच्या पाठीवर प्राणवायूचं यंत्र आणि छातीवर नियंत्रणाची पेटी हवी आहे. खर्चाला दीड हजार, हाताशी तीन आठवडे, आणि होईल तेवढं घरातल्या वस्तूंतून भागवायचं. कोल्ड्रिंकच्या दोन मोठ्या बाटल्या उलट्या बांधून चंदेरी स्प्रे मारून झालाय. आता त्या बाटल्याच दिसताहेत, तर कुठला रंग घेऊ, असं तुम्ही विचारलंय.

रंगाचा यात फारसा दोष नाही, आणि दुसरा डबा आणून प्रश्न सुटणारही नाही. रोज हाताळलेली वस्तू आपण रंगावरून ओळखतच नाही. आकार, माप आणि एखाददुसरी खूण यांवरून ओळखतो. दोन लिटरच्या बाटलीच्या अशा तीन खुणा आहेत: तळाचे फुगीर पाय, तोंडाकडे निमुळता होत गेलेला खांदा आणि झाकणाखालचं कडं. हे तिन्ही जागच्या जागी ठेवून वर सोन्याचा पत्रा चढवलात तरी लोक म्हणतील, बाटली सोन्याची आहे. म्हणजे मुळात प्रश्न आहे तो वस्तूची ओळख कशी पुसायची हा. मी हौशी आणि प्रायोगिक नाटकांची प्रॉपर्टी, म्हणजे रंगमंचावर वापरायच्या वस्तू, बरीच वर्षं करते आहे. विज्ञानकथेचं नाटक आलं की माझं निम्मं काम ओळख पुसण्याचंच असतं. रंग अगदी शेवटी येतो.

मोठे लोकही हेच करत आले आहेत. 'स्टार वॉर्स'च्या १९७७च्या चित्रपटातली ल्यूकची प्रकाशतलवार आठवते? तिची मूठ म्हणजे ग्राफ्लेक्स कंपनीच्या जुन्या कॅमेऱ्याच्या फ्लॅशची नळी. रॉजर ख्रिश्चन या सेट डेकोरेटरला ती लंडनमध्ये छायाचित्रणाच्या सामानाच्या दुकानात सापडली. त्यांनी मुठीला पट्ट्या चिकटवल्या, जुन्या कॅल्क्युलेटरच्या आकड्यांवरची भिंगाची पट्टी बसवली आणि काम झालं. आता त्यांनी काय निवडलं ते बघा. ती वस्तू घरोघरी नव्हती. हातात धरायची म्हणूनच घडवलेली होती, त्यामुळे माप आपोआप बरोबर आलं. शिवाय ती मुळातच धातूची होती, तेव्हा रंगाचा प्रश्नच उरला नाही. उलट उदाहरण 'डॉक्टर हू' या ब्रिटिश टीव्ही मालिकेतल्या डालेकचं. १९६३ साली पडद्यावर आलेल्या या यांत्रिक शत्रूचा एक हात म्हणजे चक्क सिंक तुंबल्यावर वापरायचा रबरी पंप. तो लपवलेला नाही, तरी चालून गेला, कारण बाकीचं सगळं शरीर इतकं अनोळखी आहे की एक ओळखीची वस्तू त्यात खपते. एक खपते, चार नाही खपत.

आता काही गोष्टी तुमच्या प्रयोगावर अवलंबून आहेत, त्या आधी ठरवून घ्या. प्रेक्षक किती लांब बसणार? नाट्यगृहात पाचव्या रांगेच्या मागे नखाएवढं बटण दिसत नाही, दिसतो तो एकूण आकार. तिथे बारीक कामात रात्री घालवू नका. पण हाच पोशाख घालून पुढे एखाद्या कॉसप्लेच्या, म्हणजे काल्पनिक पात्रांचे पोशाख घालून जमायच्या, कार्यक्रमाला जायचं असेल, तिथे लोक हातभर अंतरावरून फोटो काढतात, तर बारीक कामाला पर्याय नाही. दुसरं, बाई ते यंत्र घालून काय करते? बसते, कोसळते, की कुणी ते तिच्या पाठीवरून ओढून काढतं? काढायचं असेल तर सगळी रचनाच बकलवर उभी करावी लागेल. तिसरं म्हणजे प्रकाशयोजना. लघुग्रह म्हटला की प्रकाशवाला निळा रंग टाकणार, आणि निळ्या प्रकाशात लाल नळी काळी दिसते. रंग आणण्याआधी त्याच्याशी बोला. आणि चौथं, महिना कोणता? बऱ्याच एकांकिका स्पर्धा ऐन पावसाळ्यात असतात. दमट हवेत स्प्रेचा रंग पांढुरका पडतो आणि फेविकॉल दोन-दोन दिवस वाळत नाही. तुमच्या तीन आठवड्यांतला एक आठवडा नुसता वाळण्यासाठी धरा.

सांगाड्यापासून सुरुवात करू. घरात जुनी शाळेची सॅक असेल तर अर्धं यंत्र तयार आहे म्हणा. बरेच जण पेटी आधी बनवतात आणि मग तिला नाड्या, ओढण्या, बेल्ट बांधत बसतात. ती पहिल्याच उडीत एका खांद्यावर लोंबते. सॅकची पुढची बाजू कापून टाका, पाठीकडचं कापड आणि पट्टे तेवढे ठेवा. त्या कापडाला बाहेरून सनबोर्ड (फलकांसाठी वापरतात तो हलका फोमचा बोर्ड) लावायचा. गेल्या वर्षीच्या फेस्टचे पाच मिलिमीटरचे बोर्ड कॉलेजच्या कुठल्यातरी खोलीत धूळ खात पडलेले असतातच. बोर्डाला भोकं पाडून कापडासकट जाड नायलॉन दोऱ्याने शिवा किंवा झिप टाय ओवा, नुसत्या गोंदावर सोडू नका. कमरेला एक आडवा पट्टा हवाच, म्हणजे वजन खांद्यांऐवजी कमरेवर उतरतं. एकूण वजन दोन किलोंच्या आत राहू द्या. पीव्हीसीचे जाड सांडपाण्याचे पाइप दिसायला झकास असतात, पण चाळीस मिनिटं पाठीवर घेऊन संवाद म्हणायचे तर नकोत. तुमच्या बाटल्याच बऱ्या.

तर बाटल्या. दोन नाही, चार घ्या. प्रत्येकीचा तळ कापून टाका आणि दोन-दोन बाटल्यांची कापलेली टोकं एकमेकींत सरकवा. एकीच्या कडेला चार उभ्या चिरा दिल्या की ती दुसरीत जाते. आता दोन्ही टोकांना खांदे आले आणि पाय गेले. मधला जोड सनबोर्डाच्या किंवा पुठ्ठ्याच्या रुंद पट्ट्याने झाका. हा पट्टा बाटलीच्या कमरेचा खळगा पण झाकतो. वरच्या तोंडावर प्लंबिंगच्या दुकानातला एल्बो (पाइपचा काटकोनी जोड) बसवा, खालच्यावर एंडकॅप (पाइपचं टोक बंद करणारं टोपण). झाकणाखालचं कडं त्याच्या आत जातं. तिसरी खूणही गेली. या टाक्या पाठीवर अगदी सारख्या उंचीवर, शेजारी शेजारी लावू नका, त्याने लगेच खेळण्यातलं रॉकेट दिसतं. एक टाकी उभी आणि शेजारी एक चौकोनी डबा अशी जोडी लावा. उरलेली दुसरी टाकी खाली आडवी चालेल. उभी टाकी अर्धी सनबोर्डाच्या कोनाड्यात बुडवा. जे अर्धवट दिसतं त्याची ओळख लवकर पटत नाही.

इथे एक पर्यायही सांगून ठेवते. चंद्रावर गेलेल्या अपोलो अंतराळवीरांच्या पाठीवर टाक्या दिसतच नव्हत्या. प्राणवायू, थंड पाणी, कार्बन डायऑक्साइड शोषणारं लिथियम हायड्रॉक्साइडचं डबडं हे सगळं एका पांढऱ्या कापडी खोळीच्या आत होतं. खऱ्याखुऱ्या यंत्राचा आभास हवा असेल तर पुठ्ठ्याचं खोकं, कडा फोमने गोल केलेल्या आणि वरून मापात शिवलेली जाड पांढरी खोळ, एवढं पुरतं आणि स्वस्तही पडतं. पण तुमची बाई खाणकामगार आहे, सरकारी अंतराळवीर नव्हे. तिचं यंत्र दहा वेळा दुरुस्त केलेलं, उघडंवाघडं असलं तर मला जास्त पटेल.

प्रेक्षकाला 'हे श्वासाचं यंत्र आहे' हे टाक्यांपेक्षा नळ्या जास्त सांगतात. वायरिंगसाठी मिळणारा राखाडी फ्लेक्झिबल पाइप मीटरवर मिळतो आणि हलका असतो. वॉशिंग मशीनचा जुना ड्रेन पाइपही चालेल, फक्त आधी धुऊन घ्या. नळी कुठूनतरी निघून कुठेतरी पोचली पाहिजे, दोन्ही टोकं दिसली पाहिजेत. हवेत संपणारी नळी मागच्या रांगेलाही खोटी वाटते. अपोलोच्या पोशाखावर हवा आत येण्याच्या जोडण्या निळ्या आणि बाहेर जाण्याच्या लाल होत्या. तेवढीच एक शिस्त पाळा: टाकीकडून छातीकडे निळं कडं, छातीकडून परत डब्याकडे लाल कडं. कुणी विचारणार नाही, पण नटीला आपल्या यंत्राची हवा कुठून कुठे वाहते ते कळतं आणि तिचा हात बरोबर जागी जातो. रंगमंचावर अशा दोन बायका असतील तर अपोलोचीच आणखी एक युक्ती घ्या. आधीच्या मोहिमांच्या छायाचित्रांत कोण कोणता ते ओळखता येईना, म्हणून अपोलो १३पासून कमांडरच्या पोशाखावर लाल पट्टे आले.

छातीवरच्या पेटीला जुन्या राउटरचं किंवा सेट-टॉप बॉक्सचं कवच घ्या. आतला बोर्ड काढून टाकला की ते पावकिलोच्याही आत भरतं. वर काय लावायचं, याचा माझा एकच नियम आहे: प्रेक्षागृहात बसलेल्या कुणाच्याही आईने ती वस्तू ओळखता कामा नये. गॅसचा लायटर, किसणी, इडलीपात्राची ताटली या गोष्टी कितीही रंगवा, अख्खं नाट्यगृह ओळखतं, आणि गंभीर प्रसंगात एक जण फिसकन हसला की पुढची पाच मिनिटं गेली. त्याउलट वस्तूच्या आतले भाग कुणी पाहिलेले नसतात. बंद पडलेल्या प्रिंटरमधली दातेरी चाकं, डीव्हीडी ड्राइव्हचा आतला सांगाडा, रिमोटची रबरी बटणपट्टी उलटी करून, मिक्सरच्या भांड्याखालचा रबरी कपलर, शिलाई मशीनच्या बॉबिन. गोळ्यांची रिकामी पाकिटं गडद रंगवून उलटी लावली तर छान फुगीर जाळी दिसते. एकाच जातीचे तीन तुकडे ओळीने लावा, मग थोडी जागा मोकळी सोडा. नवखी मंडळी इंच न् इंच भरून टाकतात आणि लांबून त्याचा नुसता लगदा दिसतो.

पेटीवरच्या अक्षरांची एक गंमत. अमेरिकेच्या पूर्वीच्या स्पेस शटल यानांवरच्या आणि अंतराळस्थानकावरच्या पोशाखात छातीवरच्या पेटीची अक्षरं आरशातल्यासारखी उलटी लिहिलेली असतात. जाड गळपट्टीमुळे अंतराळवीराला मान खाली घालून छातीकडे बघता येत नाही. मनगटावर छोटा आरसा असतो, त्यात बघून तो वाचतो. तुमच्या पेटीवर 'दाब', 'प्राणवायू', 'उष्णता' हे शब्द उलटे लिहा आणि तिच्या मनगटावर जुन्या पावडरच्या डबीतला आरसा बसवा. ती मनगट वळवून आरशात बघते आणि तिचा चेहरा बदलतो. दिग्दर्शकाला हे दाखवा, हवा संपल्याचं सांगणारा एक संवाद तो स्वतःहून कापेल. फक्त आरसा काचेचा नको, प्लास्टिकचा घ्या किंवा सीडीचा तुकडा कडा घासून लावा.

आता चिकटवणं, कारण खरा घात इथे होतो. फेविकॉल लाकूड, कागद, कापड, पुठ्ठा यांसाठी, प्लास्टिकवर तो सुटतो. फेविबॉन्डसारखा रबरी गोंद आणि बहुतेक स्प्रे पेंट थर्माकोल विरघळवतात, तेव्हा थर्माकोल असेल तर आधी त्यावर फेविकॉलचे आणि भिंतीच्या रंगाचे हात चढवा. काही स्वस्त सनबोर्डांच्या आतही थर्माकोलच्याच जातीचा फोम असतो, म्हणून आधी एका तुकड्यावर स्प्रे मारून बघा. फेविक्विकच्या वाफेने पारदर्शक प्लास्टिक पांढरं पडतं, आणि तो सुती कापडावर सांडला तर इतका तापतो की चटका बसतो. स्वयंपाकघरातले लवचीक डबे आणि झाकणं, ज्यांच्या तळाशी त्रिकोणात २ किंवा ५ आकडा असतो, त्यांना जवळजवळ काहीच धड चिकटत नाही. तिथे गोंदाशी भांडू नका, स्क्रू किंवा तार वापरा. एल्बो आणि बाटली यांच्या सांध्यात एम-सील (दोन वड्या मळून लावायची, वाळून कडक होणारी लांबी) भरा. दोन्ही वड्या सारख्या प्रमाणात घेऊन एकजीव रंग येईपर्यंत मळा आणि रात्रभर हात लावू नका. ओल्या बोटाने फिरवलं तर वेल्डिंगच्या जोडासारखी रेघही काढता येते.

रंग. बाटलीचं प्लास्टिक गुळगुळीत आणि लवचीक, त्यामुळे त्यावर थेट मारलेला रंग दाबताच पापुद्रे सोडतो. २२० नंबरच्या पॉलिशपेपरने सगळं घासून चमक घालवा, पुसा, प्रायमरचा (रंग धरून ठेवणाऱ्या अस्तराचा) पातळ हात द्या. मग सगळ्या तुकड्यांना, म्हणजे बाटली, एल्बो, राउटर, बॉबिन, सगळ्याला एकच गडद राखाडी किंवा काळा मॅट रंग. ओळख पुसण्यात हा एकरंगी टप्पा सगळ्यात मोठा. पाच घरच्या वस्तू एका यंत्राचे भाग होतात त्या याच वेळी. सरसकट चंदेरी मारू नका, स्पॉटखाली ती नुसती चकाकते आणि खालचा आकार सपाट होतो. चंदेरी ॲक्रेलिक ब्रशवर अगदी थोडं घ्या, कागदावर पुसून जवळजवळ कोरडं करा आणि फक्त कडांवरून ओढा. काळ्या भागावर मऊ पेन्सिलीची भुकटी बोटाने चोळली की झिजलेलं लोखंड दिसतं. शेवटी काळपट तपकिरी रंग पाण्यात पातळ करून सगळीकडे लावा आणि वाळायच्या आत फडक्याने पुसा. तो खाचांत राहतो, उंचवट्यांवरून जातो. मळ कुठे साचेल, याचा विचार करा. ती सतत हाताळते त्या खटक्याभोवती रंग झिजलेला हवा, आणि खाणीची धूळ कमरेच्या खाली जास्त. धुळीसाठी मुलतानी माती पातळ फेविकॉलमध्ये कालवून फासा. कोरडी टाकली तर पहिल्या प्रवेशातच विंगेपर्यंत पसरते आणि सगळे खोकतात.

दिवे लावायचे असतील तर एखादाच लावा, आणि तो लागण्या-विझण्याला नाटकात कारण असू द्या. ९ व्होल्टची बॅटरी, ३९० ओहमचा रेझिस्टर (प्रवाह आवरणारा छोटा सुटा भाग) आणि एक एलईडी, एवढी सर्किट पुरते. लाल असो की पांढरा, या रेझिस्टरवर दोन्ही सुरक्षित चालतात. पुण्यात तापकीर गल्लीत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला हे सगळं सुटं मिळतं. उघडा एलईडी फक्त समोरच्या एका खुर्चीलाच दिसतो. त्याचं डोकं पॉलिशपेपरने घासून धूसर करा, म्हणजे उजेड पसरतो. पॉवर बँक वापरायचा मोह होईल, पण इतका थोडा प्रवाह ओढला की बऱ्याच पॉवर बँका थोड्या वेळाने आपणहून बंद होतात, आणि ते नेमकं प्रयोगात होतं. दिवाळीची प्लगवर चालणारी माळ अंगावर कुठल्याही परिस्थितीत नको.

भंगारातून वस्तू उघडताना तीन गोष्टींना हात लावायचा नाही: मायक्रोवेव्ह, जुना पेटीसारखा टीव्ही आणि कॅमेऱ्याचा फ्लॅश. बंद असतानाही त्यांच्यात जीवघेणा विद्युतभार राहू शकतो. सीएफएल आणि ट्यूबलाइट फोडू नका, आत पारा असतो. आणि पीव्हीसी वाकवायचा असेल तर गॅसवर धरू नका, जळला की घातक वायू सुटतो. उकळत्या पाण्यात बुडवला तरी पातळ पाइप नरम पडतो.

म्हणजे तुमच्यासाठी क्रम असा राहील: पहिल्या आठवड्यात सॅक, बोर्ड, टाक्या आणि नळ्या, विनारंग, आणि त्याच अवस्थेत ते घालून एक पूर्ण तालीम. दुसऱ्यात पेटी, सांधे, प्रायमर, एकरंगी हात. तिसऱ्यात मळ, अक्षरं, दिवा. खर्च मुख्यतः प्रायमर, रंग, एम-सील आणि नळ्या यांवर होईल. बाकी भंगारवाला आणि वर्गातली मुलं पुरवतील, त्यामुळे दीड हजारात बसायला हरकत नाही.

ती विनारंगाची तालीम टाळू नका, कारण दिसण्याइतकाच आवाजाचा त्रास असतो. रिकामी बाटली दाबली गेली की कडकड वाजते, सैल एल्बो खुळखुळतो, आणि शांत प्रसंगात मंचावरचा माइक ते सगळं इमानेइतबारे उचलतो. टाक्यांत जुन्या उशीचा कापूस ठासून भरा, दोन कठीण भाग भेटतात तिथे फोमची चकती घाला. शिरस्त्राणाचं काय ठरलंय ते तुम्ही लिहिलेलं नाही. करणार असाल तर पुढे काच लावू नका. आवाज कोंडतो, वाफ धरते आणि नटीचा चेहरा दिव्यांच्या परावर्तनात हरवतो. गळपट्टीची जाड कड आणि डोक्यामागची अर्धी कवटी एवढंच करा. मापं आणि पहिल्या तालमीचा एखादा फोटो टाकलात तर नळ्या कुठून न्यायच्या ते नेमकं सांगता येईल.